विरजण राखणारे घर

केज तालुक्यातल्या आमच्या गावात एका म्हातारीच्या घरी बारा महिने विरजण असायचे. कोणाचे दही नासले, कोणाची म्हैस आटली, कोणी ऊसतोडीला सहा महिने गाव सोडून गेले आणि परतल्यावर घरात विरजणाचा थेंब नाही, की वाटी घेऊन तिच्या दारात जायचे. दिवेलागणीनंतर दूध-दही द्यायचे नाही असा रिवाज, म्हणून सूर्य बुडायच्या आत पोचावे लागे. ती फडताळातून गाडगे काढी, चमचाभर विरजण वाटीत घाली आणि प्रत्येकाला एकच बजावी : सगळे खाऊ नका, तळाशी बोटभर राखा.

पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्राचा इतिहास या स्मरणिकेसाठी लिहायला बसलो आणि मन आधी तिच्याच दारात गेले. बीड जिल्ह्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या-शिकणाऱ्या आम्हा मंडळींचे या केंद्राशी असलेले नाते चमचाभर विरजणाचेच आहे. तिथे वाटीच्या जागी काचेची कुपी आहे आणि फडताळाच्या जागी उणे १९६ अंशांवरचा द्रवरूप नायट्रोजन. काम मात्र तेच, तळाशी बोटभर राखण्याचे.

केंद्राचा जन्म २००९ सालचा. पुण्यात सूक्ष्मजीव राखण्याची रीत त्याहून बरीच जुनी आहे आणि ती सांगितल्याशिवाय हा इतिहास अधांतरी राहील. मालवणात १८८४ साली जन्मलेले आणि कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक राहिलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनी १९४६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी केली. तिच्या संशोधन संस्थेला १९९२ मध्ये त्यांचे नाव मिळाले. तिथे जिवाणूंचा स्वतःचा संग्रह आहे. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी झाले आणि पुढच्याच वर्षी, १९५१ मध्ये, तिथे औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह सुरू झाला. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतल्या एका जिवाणूपासून हमायसिन हे बुरशीवरचे औषध मिळवले आणि त्या जिवाणूचे नाव ठेवले स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पिंपरी हे गावाचे नाव असे लॅटिन प्रत्यय लावून जगाच्या शास्त्रीय कोशात गेले. वर्गात मुलांना हे सांगतो तेव्हा त्यांचे डोळे चमकतात. आपल्याही गावाच्या मातीत असे काही असेल, हा विचार त्यांच्या मनात पहिल्यांदा तिथे शिरतो.

आमच्या मराठवाड्यात हे सगळे उशिरा आले. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो, औरंगाबादचे विद्यापीठ १९५८ मध्ये झाले, परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये. बीडच्या शेतकऱ्याची जिवाणूशी शास्त्रीय ओळख झाली ती रायझोबियमच्या पाकिटातून. अडीचशे ग्रॅमचे पाकीट गुळाच्या पाण्यात कालवायचे, दहा किलो तूर किंवा हरभऱ्याच्या बियाण्याला चोळायचे, सावलीत वाळवून पेरायचे. त्या काळ्या भुकटीत जीव आहे, तो उन्हात मरतो, आणि पाकीट जुने झाले की आत नुसती राख उरते, हे ज्या बाईने विरजण राखले आहे तिला एका वाक्यात समजते.

आता मूळ कथेकडे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने पुण्यात प्राण्यांच्या पेशी वाढवण्याची आणि पुरवण्याची राष्ट्रीय सुविधा सुरू केली. हीच पुढे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र झाली आणि गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारात स्थिरावली. देशभरच्या प्रयोगशाळांना जिवंत पेशी पुरवायच्या, त्या शुद्ध आहेत याची हमी द्यायची, हा तिचा पहिला धंदा. जिवंत वस्तू सांभाळून दुसऱ्याला देण्याची शिस्त त्या संस्थेत आधीपासून होती. सूक्ष्मजीवांचे कोठार पुढे तिच्याच छत्राखाली उभे राहिले याचे मला नवल वाटत नाही.

जिवाणूंकडे जाण्याची वाट मात्र डासांच्या पोटातून गेली. पेशी विज्ञान केंद्रातल्या योगेश शौचे आणि मिलिंद पाटोळे यांच्या गटाने क्यूलेक्स डासाच्या आतड्यात कोणते जिवाणू राहतात याचा शोध सुरू केला आणि २००२ मध्ये तिथून एरोमोनास क्युलिसिकोला नावाची नवी जाती वर्णन केली. डासाच्या पोटात काय आहे ते विचारता विचारता हाच प्रश्न लोणारच्या सरोवराला, नदीला आणि माणसाच्या आतड्याला विचारता येतो हे त्यांच्या लक्षात आले. प्रश्न एकच होता : इथे कोण कोण राहते?

तो विचारण्याची रीतही त्याच सुमारास बदलत होती. शंभर वर्षे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ प्लेटवर उगवेल तेच पाहत आले. ती प्लेट आपल्याला दिली एका गृहिणीने, हे आमच्या पाठ्यपुस्तकांत ठळकपणे यायला हवे. रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत जिलेटिनचा थर उन्हाळ्यात पातळ व्हायचा. १८८१ साली फॅनी हेसे यांनी आपल्या स्वयंपाकघरातला अगार सुचवला. जेली घट्ट राखण्यासाठी तो वापरतात हे त्यांना जावा बेटावर राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून कळले होते. जगातली प्रत्येक जिवाणू-प्लेट तेव्हापासून त्या स्वयंपाकघराची ऋणी आहे. पण प्लेटलाही मर्यादा होती. मातीचा कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर जेवढ्या पेशी दिसतात, त्यांतल्या शेकडा एकही प्लेटवर उगवत नाही. उरलेले नव्याण्णव आम्हाला अदृश्यच होते.

१९७७ मध्ये कार्ल वूस यांनी पेशीतल्या रायबोसोमच्या आरएनएची तुलना करून सजीवांचा वंशवृक्ष नव्याने मांडला. तो आरएनए घडवणारे सोळा-एस नावाचे जनुक प्रत्येक जिवाणूत असते. त्याची लांबी सुमारे दीड हजार अक्षरे. काही भाग सगळ्यांत सारखा, काही भाग जातीजातीला वेगळा. गावातल्या माणसांना आडनावावरून ओळखावे तसे या जनुकावरून जिवाणूचे कूळ सांगता येते. मग मातीतून, पाण्यातून, आंबलेल्या पिठातून सगळाच डीएनए एकदम काढायचा आणि तो वाचायचा, अशी पद्धत निघाली. १९९८ मध्ये तिला मेटाजिनोम हे नाव मिळाले. गावात कोणी हाक मारली तर ओ न देणारेही आता शिरगणतीत यायला लागले.

पुण्याच्या गटाने ही पद्धत आपल्या मुलखात लावली. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर उल्केच्या आघाताने बेसॉल्टमध्ये पडलेल्या खड्ड्यात आहे, त्याच्या पाण्याचा पीएच दहाच्या आसपास. साबणाच्या पाण्यासारख्या त्या खाऱ्या पाण्यात कोण राहते याचा जनुकांवरून घेतलेला मागोवा २००६ पासून प्रसिद्ध होऊ लागला. आघारकर संस्थेनेही तिथले जिवाणू प्लेटवर वाढवून त्यांची नोंद केली होती. म्हणून जून २०२० मध्ये पाणी एकाएकी गुलाबी झाले, लोक घाबरले आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले, तेव्हा उत्तर शोधायला मुळाक्षरांपासून सुरुवात करावी लागली नाही. मीठ वाढल्यावर फोफावणाऱ्या, गुलाबी रंग धरणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचे ते काम असल्याचे आघारकर संस्थेने सांगितले.

आकाशाचीही गोष्ट आहे. एप्रिल २००५ मध्ये इस्रोच्या प्रकल्पात हैदराबादहून एक प्रचंड फुगा सोडला. त्याने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक नळकांड्यांत भरून आणली. नमुन्यांची तपासणी हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवविज्ञान केंद्रात आणि पुण्याच्या पेशी विज्ञान केंद्रात स्वतंत्रपणे झाली. बारा जिवाणू आणि सहा बुरशींच्या वसाहती उगवल्या आणि त्यांत तीन जाती नव्या निघाल्या. एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांचे नाव, एकीला इस्रोचे, एकीला आर्यभटाचे. २००९ मध्ये ती नावे जाहीर झाली. त्याच वर्षी आमच्या कथेतल्या केंद्राची पाटी लागली.

ती पाटी लागण्याचे कारण वेगळे होते आणि माझ्या मते या संस्थेच्या इतिहासातला सर्वात मोठा निर्णय तोच. जैवतंत्रज्ञान विभागाने देशातल्या अनेक संशोधन संस्थांना आणि एका औषध कंपनीला बरोबर घेऊन नव्या औषधांच्या शोधात सूक्ष्मजीव गोळा करण्याची मोठी मोहीम काढली होती. डोंगर, वाळवंट, समुद्रकिनारा, जंगल, सगळीकडून नळ्या भरून आल्या. औषधाच्या दृष्टीने चाचणी झाली की अशा मोहिमांत उरलेले जिवाणू ऑटोक्लेव्हमध्ये घालून फेकून देतात. आज निरुपयोगी ठरला तो कायमचा निरुपयोगी, असा त्यामागचा हिशोब. इथे तसे झाले नाही. ते लाखांच्या संख्येतले जिवाणू राखायचे ठरले, आणि २००९ मध्ये पेशी विज्ञान केंद्राचा भाग म्हणून सूक्ष्मजीव संग्रह, इंग्रजी आद्याक्षरांत एमसीसी, सुरू झाला. पाषाण-सुतारवाडी भागातल्या एका इमारतीत त्याचा संसार मांडला गेला. तेव्हा शौचे त्याचे प्रमुख होते. दीड लाखाच्या वर जिवाणू असलेला हा संग्रह संख्येने जगातल्या सर्वांत मोठ्या संग्रहांत गणला जाऊ लागला.

दीड लाख हा आकडा वाचायला सोपा आहे. सांभाळणाऱ्याचे हात आठवा. प्रत्येक जिवाणू शुद्ध आहे का, म्हणजे नळीत दुसरे कोणी घुसले नाही ना, हे पाहायचे. मॅल्डी-टॉफ यंत्रावर त्याच्या प्रथिनांचा ठसा घ्यायचा, शंका आली तर सोळा-एस वाचायचे. मग वीस टक्क्यांच्या आसपास ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर एक प्रत, द्रवरूप नायट्रोजनमध्ये दुसरी, आणि निर्वातात गोठवून सुकवलेली तिसरी. सुकवण्याआधी जिवाणूंना जपण्यासाठी ते साय काढलेल्या दुधात कालवतात. पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा मी हसलो होतो आणि मग गप्प झालो. इतक्या यंत्रांच्या मध्ये शेवटी दूधच. कुपीचे तोंड ज्योतीवर वितळवून बंद करायचे, तिच्यावर क्रमांक घालायचा, वहीत नोंद करायची. काही वर्षांनी त्यांतली एक फोडून आत जीव आहे की नाही ते पुन्हा पाहायचे. या कामाला बक्षीस नाही, त्यावर शोधनिबंध निघत नाही. ते करणाऱ्या तंत्रज्ञांची नावे कुठल्याच इतिहासात येत नाहीत, म्हणून निदान त्यांच्या हातांची नोंद इथे करतो.

९ एप्रिल २०११ रोजी संग्रहाला बुडापेस्ट कराराखाली आंतरराष्ट्रीय ठेव-संस्था म्हणून मान्यता मिळाली. १९७७ च्या या करारामागचा विचार मला फार आवडतो. यंत्राचे पेटंट मागणाऱ्याने नकाशा द्यावा, रसायनाचे मागणाऱ्याने सूत्र द्यावे, पण जिवाणूचे वर्णन कागदावर कितीही केले तरी वाचणाऱ्याच्या हातात तो येत नाही. म्हणून जिवंत जिवाणूच मान्य कोठारात ठेवायचा. भारत या करारात १७ डिसेंबर २००१ रोजी आला. देशातली पहिली मान्य संस्था चंडीगडची, दुसरी पुण्याची. अशी संस्था देशात होण्याआधी भारतीय संशोधकाला आपला जिवाणू ठेवण्यासाठी परदेशात पाठवावा लागत असे. २००२ च्या जैवविविधता कायद्याखालीही या संग्रहाला राष्ट्रीय ठेव-केंद्राचा दर्जा आहे. नव्या जातीचे नाव जगाने मान्य करावे यासाठी तिचा नमुना-वाण दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवावा लागतो, हा नियम २००१ पासून लागू आहे. त्यामुळे एमसीसी हा क्रमांक आज अनेक देशांच्या शोधनिबंधांत दिसतो. २०१७ मध्ये संग्रहाचे नाव राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र झाले. जुने विद्यार्थी अजून एमसीसीच म्हणतात.

माणसाच्या पोटातल्या कामाविषयी थोडे. पाश्चात्त्य देशांत आतड्यातल्या जिवाणूंचा वयानुसार अभ्यास करताना मोठी अडचण येते : आजोबा एका शहरात, नातू दुसऱ्या, दोघांचे जेवण वेगळे. पुण्याच्या गटाने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन एकत्र कुटुंबे घेतली. एका छताखाली राहणाऱ्या, एकाच चुलीवरचे जेवणाऱ्या तीन पिढ्या. वय सोडले तर बाकीचे बरेचसे सारखे. वयाप्रमाणे आतड्यातली वस्ती कशी बदलते ते त्यातून दिसले. आपल्या एकत्र कुटुंबाची रचना शास्त्राला अशी उपयोगी पडेल हे कुणाच्या मनात आले असेल त्याला मी मनापासून दाद देतो. पुढच्या अभ्यासांत भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला या जिवाणूचे प्राबल्य दिसले. धान्य आणि तंतुमय पदार्थ भरपूर खाणाऱ्या लोकांत तो जास्त आढळतो. आमच्या ज्वारीच्या भाकरीचा त्यात वाटा असणारच, असे माझे मन सांगते.

आणि गोदावरी. २०१५ च्या नाशिक कुंभमेळ्यात स्नानाच्या आधी, स्नानाच्या काळात आणि नंतर नदीचे पाणी घेऊन त्यातल्या जिवाणूंचा डीएनए वाचला गेला. लाखो माणसे उतरली की नदीतल्या जिवाणूंच्या वस्तीची घडणच बदलते, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातून समोर आले. तेच पाणी पुढे पैठणच्या नाथसागरात येते आणि तिथून गेवराईच्या राक्षसभुवनाला, माजलगावच्या मंजरथला, जिथे सिंदफणा गोदेला मिळते. पर्वणीला तिथेही माणसे उतरतात. मंजरथच्या संगमावरचे पाणी बाटलीत घेऊन असाच प्रश्न विचारावा, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे.

इथवर वाचून कुणालाही वाटेल की आता सगळे डीएनएवरच भागते. मीही काही वर्षे तसेच समजत होतो. तो समज मोडला त्या उन्हाळ्याची हकीकत इथे लिहिणे भाग आहे.

लातूर-धाराशिवला लागून असलेल्या आमच्या केज-अंबाजोगाईच्या पट्ट्यात मार्गशीर्ष अमावास्येला येळवस असते. शेतात कडब्याची खोप उभी करायची, पांडव मांडायचे, भज्जी आणि उंडे न्यायचे, आणि आंबील. ज्वारीचे पीठ आदल्या दिवशी ताकात कालवून आंबवायचे, शिजवायचे, लसूण-जिरे-मीठ घालायचे आणि मातीच्या बिंदग्यात भरून डोक्यावरून शेतात न्यायचे. काही घरांत बिंदगे वर्षानुवर्षे तेच असते. त्याच्या भिंतींच्या बारीक छिद्रांत आदल्या वर्षीचे जिवाणू दडून राहत असतील, या कल्पनेने माझ्या एका विद्यार्थिनीने आंबिलीतून लॅक्टिक आम्ल करणारा एक जिवाणू वेगळा काढला. आम्ही त्याचे सोळा-एस वाचून आणले. ज्या जातीशी तो जुळत होता तिच्यापासून थोडा दूर होता. एवढ्यावरून नवी जाती म्हणता येत नाही. सोळा-एसमध्ये साधारण ९८.७ टक्क्यांच्या खाली साम्य असेल तर तसा विचार करतात, आणि संपूर्ण जिनोमची तुलना करून ९५-९६ टक्क्यांची सीमा तपासावी लागते. पण आशा होती. पुढचे काम जूननंतर करायचे ठरले. एप्रिल-मे मध्ये भारनियमन वाढले, सुटीत विभागाला कुलूप होते, शीतकपाट कितीदा बंद पडले याची गणती नाही. उघडले तेव्हा नळ्यांतला अगार आक्रसून चामड्यासारखा झाला होता. नव्या प्लेटवर चार वेळा ओढून पाहिले. काही उगवले नाही.

त्या जिवाणूच्या जनुकाची दीड हजार अक्षरे आजही माझ्या फायलीत आहेत. चार पाने. ती दुधात घातली तर दही लागत नाही.

त्या दिवसापासून मला पुण्याच्या केंद्राचे मोल खऱ्या अर्थाने कळले. २०२२ मध्ये शास्त्रज्ञांच्या एका गटाने नवी नाव-संहिता मांडली, तिच्यानुसार केवळ जिनोमवरून जिवाणूला नाव देता येते, जिवंत वाण ठेवण्याची सक्ती नाही. न उगवणाऱ्या जिवाणूंसाठी ती गरजेची आहे आणि मी तिच्या विरुद्ध नाही. मात्र उगवणारा जिवाणू हातात असताना नुसती अक्षरे ठेवून समाधान मानणे हा आळस आहे, असे मी विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगतो. अक्षरे वाचून कोण आहे ते कळते. त्याने ताकाला कोणता वास दिला, कोणत्या बुरशीला रोखले, पुढे कुठल्या आजारावर कामी येईल, हे विचारायला तो जिवंत लागतो.

जिनोमने शिकवलेली एक गोष्ट तर थेट त्या म्हातारीपर्यंत पोचते. १८ ऑक्टोबर २०१२ रोजी हैदराबादच्या जैवविविधता परिषदेत भारताचा राष्ट्रीय सूक्ष्मजीव जाहीर झाला. विज्ञान एक्स्प्रेस या रेल्वेत फिरत्या प्रदर्शनाला आलेल्या मुलांनी तो निवडला होता. तो दह्यातला लॅक्टोबॅसिलस डेलब्रुकी, बल्गेरिकस उपजातीचा. वाघ आणि मोराच्या पंक्तीला दह्याचा जिवाणू बसवणाऱ्या त्या मुलांचे कौतुक वाटते. त्याच्या अठरा लाखांच्या घरातल्या अक्षरांचा जिनोम २००६ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात मोडकी, काम न करणारी जनुके फार दिसली. पूर्वी कधी वनस्पतींवर जगणारा हा जिवाणू हजारो वर्षे दुधात राहिला, दुधातच सगळे मिळत गेले, आणि बाहेर जगण्याची साधने गंजून गेली. आता तो टिकतो कारण माणसे त्याला एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात नेतात. म्हणजे बोटभर राखणाऱ्या बायकांनी त्याला घडवले आहे, आणि त्या थांबल्या तर तोही थांबेल.

तो थांबत चालला आहे. आमच्या तालुक्याच्या बाजारातही दह्याचे डबे येतात, कारखान्यातल्या निवडक वाणांनी लावलेले, आणि नव्या सुनांच्या घरी विरजण तेच. चैत्रातल्या कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, वाटून चीक काढायचा, आता तयार कुरडया मिळतात. चिकाच्या त्या आंबूस वासात कोण कोण होते याची नोंद घेण्याआधीच तो वास घरांतून जाईल. हिमालयाच्या बाबतीत असे झाले नाही. सिक्कीमचे ज्योतिप्रकाश तमांग यांनी गुंद्रुक, किनेमा अशा आंबवलेल्या पदार्थांवर आयुष्य लावले, त्यांतले जिवाणू ओळखले, राखले. बालाघाटच्या डोंगराळ पट्ट्यासाठी तेवढे काम कोणी तरी करायला हवे, आणि ते करणारा इथलाच असावा, कारण कुठल्या घरचे बिंदगे किती जुने आहे हे विचारायला त्या घरी आधी चहा प्यावा लागतो.

पुण्याच्या केंद्राला आता पंधरा वर्षांहून अधिक काळ झाला आहे. जिवाणू ठेवणाऱ्याला ते एक फॉर्म भरायला देते. जिवाणू कुठून घेतला, कोणत्या तारखेला, कोणत्या माध्यमावर, किती तापमानाला वाढतो, धोक्याचा आहे का, अशी माहिती त्यात लिहायची. गेल्या येळवशीला आम्ही त्या पहिल्या आंबिलीच्या घरी पुन्हा गेलो. बिंदगे तेच होते, कडेला एक कपचा उडालेला. आंबील आणली, प्लेटवर ओढली, आणि या खेपेला पहिल्याच आठवड्यात प्रत्येक वसाहतीच्या तीन-तीन नळ्या केल्या. दोन ग्लिसरॉलमध्ये दोन वेगळ्या महाविद्यालयांच्या शीतकपाटांत, तिसरी पुण्यासाठी. हे लिहीत असताना माझ्या विद्यार्थिनीने भरलेला फॉर्म माझ्या टेबलावर आहे. स्रोत या रकान्यात तिने लिहिले आहे : ज्वारीची आंबील, मातीचे बिंदगे, तालुका केज, जिल्हा बीड. आणि बिंदगे किती वर्षांचे, हे विचारायला ती आज दुपारच्या एसटीने पुन्हा गेली आहे.